काचेआडचा दिवा

खंडेनवमीला सगळ्या कुंडल गावात ट्रॅक्टर, पाण्याची मोटार, कोयते, खुरपी धुऊन-पुसून पूजेला बसतात. नानासोंच्या घरात मात्र पहिला मान दिव्याचा. त्यांच्या मुलानं, ऋषिराजनं, यंदा ट्रॅक्टरला झेंडूची अशी झालर केली होती, की एखाद्या नवरदेवानं लाजावं. पण तोही हातात आरतीचं ताट घेऊन अंगणात मुकाट उभा होता. सोप्यातला दिवा पुजून होईस्तोवर बाहेरच्या कशालाही हळद-कुंकू लागायचं नाही, ही या घराची रीत.

दिवा म्हणजे समईबिमई नव्हे. खाली चाकं, वर पुरुषभर उंचीचा लोखंडी दांडा, दांड्याच्या टोकाला घमेल्याएवढं चकचकीत भांडं आणि त्या भांड्याच्या पोटात पारा भरलेली गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, नळी. बटण दाबून भांडं जरा कलतं केलं, की पारा नळीत घरंगळतो, ठिणगी पडते आणि निळाजांभळा उजेड फाकतो. नानासोंचे वडील जोतीराम हवालदार, घरच्यांचे आबा, फौजेच्या इस्पितळात जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे. पेनिसिलिन सगळीकडे पोचलं नव्हतं, तेव्हा साहेबांचे दवाखाने चिघळलेल्या जखमांवर असले अतिनील किरणांचे दिवे धरत, हे त्यांनी तिथं डोळ्यांनी पाहिलं होतं. नोकरी संपवून गावी आले तेव्हा एक संस्थानी दवाखाना मोडत होता. लिलावात दिव्याकडं कुणी ढुंकून बघेना, यांनी तो बैलगाडीत घालून घरी आणला. तेव्हापासून पंचक्रोशीतल्या न भरणाऱ्या जखमा या सोप्यात येऊन बसू लागल्या.

आबा गेले आणि नानासोंनी वारसा चालवला. आबांच्या वर्षश्राद्धाला त्यांनी सांगलीच्या फ्रेमवाल्याकडून दिव्याला काचेचं कपाट करून घेतलं, देवाच्या तसबिरीला असतात तशा पितळी कडांचं. दिवा आत, पेशंट बाहेर. बटण आणि कलता करायचा दांडा तेवढा मागच्या फटीतून बाहेर काढलेला. आजूबाजूच्या गावांत अशी शोभा कुठल्या दवाखान्याला नव्हती.

यंदा नानासोंनी पूजा खुर्चीत बसून केली. डावा पाय पांढऱ्या पट्टीत, समोरच्या स्टुलावर. आषाढात उसाचं धसकट तळव्यात घुसलं होतं, अंगठ्याच्या अगदी खाली. साखरेचा आजार जुना. "ऊस कारखान्याला जातोय, साखर मात्र नानाच्या रक्तात ऱ्हातीय," असं त्यांचा धाकटा भाऊ दादासो म्हणायचा. हसण्यावारी नेता नेता जखम अंगठ्यापर्यंत चढली होती.

आरती संपते न संपते तोच कराडहून शिवांजलीची गाडी आली. नानासोंची थोरली लेक, तिथल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर. चपला काढता काढताच तिनं विचारलं,

"नाना, बॅग भरली का?"

"आधी पाणी तरी पी, बाई. कसली बॅग?"

"नवमी झाली की ॲडमिट हुतो म्हणाला होता तुमी. सर्जनना शब्द देऊन आलीये मी. उद्या दसऱ्याचं सुद्धा येणार हायत ते, फक्त तुमच्यासाठी."

"नवमी झाली की बघू, असं म्हणलो हुतो," नानासो शांतपणे म्हणाले. "बघितलं. न्हाई येत."

दादासो खुर्चीत खदखदून हसले. हयात कोयनेच्या वीजघरात गेलेली, आता कराडला मुलाकडं राहायचे; पण नवमी आली की दिव्याची वायरिंग तपासायला आदल्या दिवशीच कुंडलात हजर. "अगं, आबांनी या दिव्याखाली काय काय बरं केलंय, तुला म्हाईत न्हाई. ह्यो एक अंगठा काय घिऊन बसलीस?"

"काका, तुमी तरी त्यांना फूस लावू नका."

"फूस कशाची? गुण सांगतुय."

बापाला भर अंगणात, प्रसादाच्या वेळी, खोटं पाडायचं नाही एवढं शिवांजलीला कळत होतं. ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

तिथं राणी कडाकण्या तळत होती. राणी ऋषिराजची बायको; शिवांजलीला काल फोन करून बोलावलं ते तिनंच, आणि ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. झारा खाली ठेवून तिनं दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला.

"ताई, वास येतोय. आत्ती सकाळ-संध्याकाळ कापूर जाळत्यात, पर मामांचं अंथरूण मी आवरते. मला कळतंय की."

"कवापासनं?"

"आठवडा झाला आसंल. यांला म्हणलं, तर म्हणत्यात, गप बस, नानांच्या कानावर जाईल. आता तुमीच सांगा, नाकाला कसं गप बसवू?"

राणीला या घरात येऊन तीन दसरे झाले होते. सासरा प्रेमळ होता, सुनेला लेकीसारखी वागवायचा, म्हणून तर तिला चैन पडत नव्हती. वाईट सासरा असता तर एवढा जीव टांगणीला लागला नसता, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिनं घाईनं कडाकणी उलटवली.

नानासोंच्या बायको साळूबाई आत आल्या तेव्हा दोघी गप्प झाल्या. पण त्यांनाही काही नाक-कान नव्हते असं नाही.

"माझ्या म्होरं बोला की. मी काय परकी हाय व्हय?"

"आई, बोटावर भागतंय तोवर नेऊया," शिवांजली म्हणाली. "थांबलो तर घोट्यापातूर जाईल. मी उगीच भीती घालत न्हाई."

"बळं करू नगंस बाई. ह्या माणसाचं मन मोडलं तर माणूस मोडंल. त्यांचा दिव्यावर भरवसा हाय. आन् खरं सांगू? पैलं लय ठणकायचं, रातभर झोप न्हवती. आता अजाबात दुखत न्हाई. मी रोज सकाळी उकळल्या पाण्यानं धुती, हूं का चूं करत न्हाईत."

"दुखत न्हाई हेच तर वाईट हाय, आई."

साळूबाईंनी लेकीकडं नुसतं पाहिलं. दुखणं थांबणं म्हणजे बरं होणं, हे त्यांनी सगळ्या जन्मात बघितलेलं. त्याच्या उलटं काही असू शकतं, हे मनाला पटायला जागाच नव्हती. पण लेक खोटं बोलणारी नव्हती, हेही त्यांनीच सगळ्या जन्मात बघितलेलं. त्या पुरणाच्या पातेल्याकडं वळल्या आणि विनाकारण ढवळत राहिल्या.

परसदारी शिवांजलीनं भावाला गाठलं. ऋषिराज ट्रॅक्टरच्या टायरला कुंकवाची बोटं ओढत होता.

"ऋषा, तू कुणाकडनं?"

"मी ट्रॅक्टरकडनं."

"चेष्टा नको."

"मग काय करू, तायडे?" त्यानं बोटं फडक्याला पुसली. "उचलून गाडीत घालू? मला जमतंय ते. पर नंतर त्यांच्या तोंडाकडं बघायला जमणार न्हाई. तू त्यांला पटव. पटलं की तासाभरात कराड. गाडीत डिझेल भरून ठेवलंय, कवाच." एवढं बोलून तो पुन्हा टायरकडं वळला.

म्हणजे लेक, सून एका बाजूला. भाऊ आणि बायको दुसऱ्या. आणि मुलगा गाडीत डिझेल भरून कुंपणावर. जेवणं झाली ती अशी, आणि पुरणपोळीवर तूप मात्र सगळ्यांनी सारखंच वाढून घेतलं.

जेवणानंतर नानासो भिंत धरत धरत सोप्यात गेले. ही त्यांची दिव्याखाली बसायची वेळ. कपाटाच्या पुढ्यात वेताची खुर्ची होती, त्यावर टेकून त्यांनी स्वतःच पट्टी सोडली. दादासो मागं जाऊन उभे राहिले, बटण दाबलं, दांडा कलता केला. आत फट्‌ झालं आणि काच निळी झाली. नानासोंनी पाय काचेजवळ सरकवला. शिवांजली उंबऱ्यावर येऊन बसली. तिला जखम दिसली. ती तिनं डॉक्टरच्या नजरेनं पाहिली आणि मग लेकीच्या नजरेनं पाहावी लागू नये म्हणून मान फिरवली.

"बस, बस," नानासो म्हणाले. "ल्हानपणी हितंच बसून गणितं करायचीस. पेशंट पाय धरून बसल्यालं आन् तू त्याच्या पायाशी बेरजा करत."

"व्हय. निळ्या उजेडात वही लय छान दिसायची."

"आमाला कुठलं आसलं नशीब," दादासो मागून म्हणाले. "आबा ह्या दिव्याकडं बघू द्यायचं न्हाईत. पेशंटला काळा चष्मा, सोताला काळा चष्मा, आमाला दार बंद. मी एकदा फटीतनं बघत बसलो. मजा वाटली बग. आन् संध्याकाळी डोळ्यात वाळू भरल्यागत झालं. उघडंनात. आईनं दुधाच्या घड्या ठेवल्या, वर आबांनी कानफाड फोडलं. नाना, आठवतंय?"

"आठवतंय की. तुझं बोंबलणं वेशीपातूर ऐकू आलं हुतं."

दोघे भाऊ हसले. शिवांजली हसली नाही. ती काचेकडं बघत होती.

अतिनील किरण, साधी काच, गारेची नळी: हे सगळं तिनं कॉलेजात शिकलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण पुस्तकातला किरण आणि घरातला दिवा यांची गाठ तिच्या डोक्यात कधी पडलीच नव्हती. घरच्या देव्हाऱ्याला प्रश्न विचारायचे नसतात, तसंच ते. आता मात्र दादासोंचे सुजलेले डोळे आणि तिची निळ्या उजेडातली वही एकमेकांशेजारी येऊन उभी राहिली.

"काका, ही काच बसवली तवा मी केवढी होते?"

"पाचेक वर्षांची आसशील. आबांचं वर्षश्राद्ध हुतं. तुझ्या आईचीच हाऊस. दिव्यावर धूळ बसतीया, हळदी-कुंकवाचं हात लागत्यात, कोंबड्या उडत्यात म्हणून."

सांगावं की नाही? तिनं बापाकडं पाहिलं. निळ्या उजेडात त्यांचा चेहरा समाधानी दिसत होता. या खुर्चीसमोर त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं गेली होती. गावानं त्यांना दिलेला मान इथंच मिळाला होता. सांगितलं तर तो मान ती हिसकावून घेणार. नाही सांगितलं तर पाय जाणार. असं मोजून झाल्यावर फार विचार करावा लागला नाही, पण बोलताना जीभ जड झाली.

"नाना, ह्या काचेतनं येतोय तो निसता उजेड हाय."

"म्हंजी?"

"ज्यानं जखमेतले जंतू मरतात ते किरण डोळ्याला दिसत न्हाईत. आन् ते साध्या काचेतनं बाहेर येत न्हाईत, काचेतच अडकतात. म्हणून तर आतली नळी महागाच्या गारेची केलीय. साध्या काचेची केली असती तर किरण नळीतच राहिले असते. आबांच्या वेळेला दिवा उघडा होता, म्हणून काकांचे डोळे सुजले. मी इतकी वर्षं समोर बसले, मला काय सुदीक झालं न्हाई. कुणालाच झालं न्हाई."

"गाडीत बसल्यावर काचंतनं ऊन लागतंयच की," नानासो म्हणाले.

"ऊब लागती. पर उघड्यावर उसात रापतो तसा हात रापतोय का गाडीत?"

दादासो कपाटाच्या मागून पुढं आले. विजेतला माणूस, त्यांना कळायला वेळ लागला नाही, आणि कळल्यावर ते आपल्याच कपाळावर तळहात मारून उभे राहिले. "आयला! मी वायरिंग तपासतुय दरवर्षी. वायरिंग!"

साळूबाई गरम पाण्याचं घमेलं घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "म्हंजी दिव्याचं तोंड मी बांधलं?"

"तसं न्हाई, आई."

"तसंच की. काच घाला म्हणून मीच धोशा लावला हुता."

"अगं, मग एवढी माणसं बरी कशी झाली? रोज उकळलेल्या पाण्यानं धुवायचं, रोज स्वच्छ पट्टी, रोज इथं येऊन बसायचं आन् तेवढा वेळ रानात जायचं न्हाई. कोवळ्या जखमा त्याच्यावर भरतात. ते सगळं तू करत होतीस."

"आन् मी?" नानासो म्हणाले. "मी निसता बटण दाबत बसलो व्हय, एवढी वर्सं?"

शिवांजलीला वाटलं, जमीन दुभंगून आपण आत जावं. बापाच्या डोळ्यांत पाणी तिनं आबा गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आज.

पण नानासोंच्या मनात चाललं होतं ते वेगळंच. त्यांना आबांचं पोस्टकार्ड आठवत होतं. नवा पेशंट आला, की आबा कार्डाला ओळीनं भोकं पाडायचे, ते त्याच्या दंडावर ठेवायचे आणि एकेक भोक झाकत झाकत दिवा धरायचे. दुसऱ्या दिवशी दंडावर गुलाबी ठिपके उठायचे, एक फिका, एक गडद. कुणाला किती वेळ दिवा सोसतो ते त्यावरून कळायचं. आबा गेल्यावर नानासोंनीही तसंच कार्ड केलं. ठिपके उठलेच नाहीत. एकाच्या नाही, दुसऱ्याच्या नाही. मग त्यांनी कार्ड बंद केलं आणि कुणालाही न सांगता मनाशी ठरवून टाकलं, की आबांच्या हाताला गुण होता, आपल्या हाताला नाही. लोक पाया पडायचे तेव्हा त्यांना आतून चोरासारखं व्हायचं. आणि आज, म्हातारपणी, एक पाय सडत असताना, पोरगी सांगत होती की हातात खोट नव्हतीच. खोट काचेत होती. त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी डोळे पुसले आणि ते हसले.

"दादू, पेचकस आण."

"कशाला?"

"काच काढ. एवढंच हाय न्हवं? मग काढ की काच! आता बघू दिवा काय करतोय ते."

शिवांजली ताडकन उठली. सत्य सांगितलं की माणूस गाडीत बसेल, एवढाच हिशेब तिनं केला होता. सत्यानं असं उलट तोंड फिरवावं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नाना, न्हाई! जखम आता वरवरची ऱ्हायली न्हाई, आत हाडापातूर गेलीय. दिवा तिथवर पोचत न्हाई. आन् तुमच्या पायाला कळत न्हाई काय, साखरेनं तो बधिर झालाय. उघडा दिवा धरला तर भाजंल आन् तुमाला पत्ता लागायचा न्हाई."

"मला सगळं कळतंय. पाय माझा हाय."

"गेल्या महिन्यात हॉस्पिटलात नेलं तवा तपासू दिला न्हाईत तुमी. पाय ओढून घेतला."

"गुदगुल्या करत हुता त्यो पोरसवदा डाक्टर."

"त्यानं अजून हात बी लावला नव्हता, नाना."

"दादू!" नानासोंचा आवाज चढला. आज पहिल्यांदाच. ऋषिराज आणि राणी अंगणातून धावत दारात आले. "मी थोरला हाय का तू? पेचकस आण म्हणलं ना?"

दादासोंच्या खिशात पेचकस होताच. थोरल्याचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता, आणि दिवा उघडा बघायची त्यांची स्वतःचीही इच्छा काही कमी नव्हती. त्यांनी आधी दिवा बंद केला, मग समोरच्या पितळी पट्टीचा पहिला स्क्रू सोडवला. दुसरा गंजलेला निघाला. त्याच्याशी झटताना त्यांना आबांचा आवाज आठवायला लागला, आणि एकदा आठवल्यावर तो थांबेना. महारोगानं पाय बधिर झालेला एक माणूस ताकारीकडून आला होता. आबांच्या पाया पडत होता, दिवा धरा म्हणून रडत होता. आबांनी धरला नाही. बैलगाडी जुंपली, त्याला स्वतः मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि परत आल्यावर जेवायला बसताना पोरांना म्हणाले होते, बधिर अंगावर दिवा धरणारा तो वैद्य नव्हे, खाटीक.

दादासोंनी पेचकस खाली ठेवला.

"नाना, मी काच काढतो. तुजा शब्द मोडत न्हाई. पर दिवा आबांचा, तर रीत बी आबांची. आधी कापूस."

"कसला कापूस?" ऋषिराजनं विचारलं.

"डोळं मिटायचं. आबा जखमंच्या आजूबाजूला कापूस फिरवायचं. कुठं लागला ते पेशंटनं सांगायचं. सांगितलं तर दिवा. न्हाई सांगितलं तर बैलगाडी. नाना, तूच तर कापूस पिंजून द्यायचास."

नानासोंना ते आठवत होतं. नाकारायची सोय नव्हती. "मग करा की," ते म्हणाले. "मी काय भितोय व्हय? करा."

शिवांजली कापूस घ्यायला वळली.

"तू नगं. तू डाक्टरीण, तुला न्यायचंच हाय मला. लावलास तरी न लावल्यागत करशील. दादू बी नगं, त्यो आता तुज्या पार्टीत गेला. साळू करंल."

साळूबाईंनी घमेलं खाली ठेवलं. पदराला हात पुसले. शिवांजलीकडं बघितलंच नाही, जणू बघितलं तर आपणही कुणाच्या तरी पार्टीत गेल्यासारखं होईल. राणीनं देव्हाऱ्यातल्या वातींचा कापूस आणून दिला. साळूबाई नवऱ्याच्या पायाशी मांडी घालून बसल्या.

"मिटा डोळं."

नानासोंनी डोळे मिटले.

अंधारात आधी त्यांना अंगणातल्या झेंडूचा वास आला. मग गल्लीतून कुणाचीतरी मोटारसायकल हॉर्न वाजवत गेली. पूजा झाल्यावर पोरं उगीच फेऱ्या मारतात, तशी. ते वाट बघत होते. कापूस लागला रे लागला, की ठणकावून सांगायचं, अंगठा. टाच. करंगळी. मग दादू काच काढेल, आणि उघडा दिवा आपल्या हातानं कलता करायचा. आबांसारखा. गुलाबी ठिपके उठतील. त्यांना त्या ठिपक्यांची इतकी ओढ लागली होती, की पायाचं भान मागंच पडलं. साळू नेहमीसारखी हळू. लग्न होऊन आली तेव्हाही अशीच होती, दिवा पुसायला सांगितला तर तासभर पुसत बसायची. आबा म्हणायचे, पोरगी सावकाश आहे पण पक्की आहे.

कुणीतरी नाक ओढलं. राणी असेल.

"लाव की गं," नानासो म्हणाले. "कवापास्नं डोळं मिटून बसलूय."

उत्तर आलं नाही.

"साळू? लावतीस न्हवं?"

तरी नाही. मग त्यांनी डोळे उघडले.

कापूस फरशीवर पडला होता. साळूबाईंनी त्यांचं पाऊल दोन्ही हातांत घेतलं होतं. एक पंजा टाचेखाली, दुसऱ्यानं सगळी बोटं मुठीत गच्च, बाळंतपणात पोरीनं आईचा हात धरावा तशी. नखं रुतली होती. जखमेच्या कडेची कातडी त्यांच्या अंगठ्याखाली पांढरी पडली होती. त्या खाली मान घालून रडत होत्या आणि त्यांचे अश्रू नानासोंच्या तळव्यावर पडत होते. नानासोंना ते पडताना दिसत होते.

आयुष्यात पहिल्यांदा ते घाबरले, आणि घाबरल्याचं त्यांनी लपवलं नाही.

"कवा धरलास?"

"तुमी डोळं मिटल्या मिटल्या," साळूबाई म्हणाल्या.

नानासोंनी वाकून बायकोच्या हातावर हात ठेवला. तिचा हात गरम होता. तेवढं मात्र कळलं.

"ऋषा," ते म्हणाले, "गाडी दाराशी लाव, बाबा."